हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला नाही

दर ऑगस्टमध्ये एक मेसेज फिरतो: ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे (निरीक्षणासाठी बांधलेले चौथरे) याचा पुरावा.’ विजयदुर्गावर माझाही जीव आहे, म्हणूनच हे खोडायला हवं.

त्या दिवशी हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर भारतात नव्हतेच, इंग्लंडमध्ये होते. ग्रहण पाहिलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी, आंध्रातल्या गुंटूरहून. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या (प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील, हे त्यांनी ताडलं आणि दुसऱ्याच दिवशी पाहूनही दाखवलं. लॉकियर यांच्या मनात हीच युक्ती आधीपासून होती, पण मागवलेलं उपकरण मिळायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला, कुठलंही ग्रहण नसताना, त्यांनी त्याच ज्वाळांचा वर्णपट इंग्लंडमधूनच पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या अगदी शेजारी होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. (सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर.) प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात; पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी हिचा मेळ बसेना, तेव्हा हे नवं मूलद्रव्य (म्हणजेच हेलियम) असावं असं लॉकियर म्हणाले. अनेकांना ते पटायला बरीच वर्षं गेली. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी एका युरेनियमयुक्त खनिजातून तोच वायू मिळवला आणि वाद मिटला.

मग ओटे? लॉकियर विजयदुर्गला आले होते, हे अगदी खरं. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे हेलियम पृथ्वीवर सापडल्यावर तीन वर्षांनी. साल बदललं की ओट्यांचा पुरावा मेसेजच्याच विरोधात जातो. आणि ऐन पावसाळ्यात ढगांनी भरलेल्या कोकण किनाऱ्यावर ग्रहणासाठी तळ कोण टाकेल? जानेवारीतलं आपलं निरभ्र आकाश मात्र त्यासाठी अगदी योग्य.

त्या १८९८ च्या मोहिमेबद्दल मेसेजात अवाक्षर नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तिच्या आरंभी आणि शेवटी सूर्याच्या कडेचा पातळ थर काही क्षणच चमकतो आणि त्याचा वर्णपट तेवढ्यात टिपायचा असतो. विजयदुर्गच्या तळावर त्यासाठी कॅमेरे लावले होते आणि ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे लोक मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते.

१८ ऑगस्टला किल्ल्यावर कार्यक्रम होतात, ते होऊ देत. पण ओट्यांपाशी मुलांना सांगताना तारीख २२ जानेवारी १८९८ हीच सांगा.