प्रतिजैविके जंतूंना काहीही शिकवत नाहीत

काळ्या अगरच्या (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थराच्या) एका प्रचंड बशीत पांढरे जीवाणू कडेकडून मध्याकडे सरकतात, औषधाच्या प्रत्येक वाढत्या पट्ट्यापाशी थबकतात आणि मग एखाद्या ठिकाणाहून फांदीसारखे पुढे फुटतात, ही चित्रफीत 2016 पासून असंख्य लोकांनी पाहिली आणि पुढे पाठवली आहे. तिच्यासोबत फिरणारा मजकूर थोडक्यात असा असतो: औषध समोर आले की जंतू ते ओळखतात आणि आपल्या जनुकांत नेमका हवा तो बदल करून घेतात, प्रतिजैविके येण्यापूर्वी प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याची क्षमता, नव्हताच, शिकलेला जंतू ही विद्या फक्त आपल्या वंशाला देतो, औषधातून वाचलेला प्रत्येक जंतू प्रतिरोधक असतो, आणि औषध काही वर्षे बंद ठेवले की जंतू सारे विसरतात. चित्रफीत खरी आहे. मजकुरातले प्रत्येक विधान मात्र चुकीचे आहे, आणि त्यातले सर्वांत मूळचे विधान तर ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच खोडले गेले आहे.

ते विधान म्हणजे जंतूंच्या 'शिकण्या'चे. बाकीचे गैरसमज त्याच्याच आधाराने उभे असल्याने त्यावर अधिक थांबणे भाग आहे. 1943 मध्ये साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. फक्त औषधाच्या जागी जीवाणूंना मारणारा विषाणू, म्हणजे फेज, होता. त्यांनी ई. कोलाय या जीवाणूच्या अनेक स्वतंत्र नळ्या थोड्याशा पेशींपासून वाढवल्या आणि नंतर प्रत्येक नळीतले जीवाणू फेजने भरलेल्या बशीवर पसरले. बदल जर फेजच्या संपर्कामुळे घडत असता, तर सगळ्या नळ्यांतून तगणाऱ्यांची संख्या जवळपास सारखी आली असती, कारण संपर्क सर्वांचा सारखाच होता. बदल आधीच, वाढीच्या काळात, आपोआप घडत असेल, तर मात्र ज्या नळीत तो लवकर घडला तिथे त्या एका पेशीची मोठी संतती तयार असणार आणि बहुतेक नळ्यांत काहीच नसणार. त्यांच्या एका प्रयोगात वीस नळ्यांपैकी अकरांमधून एकही वसाहत (एका पेशीपासून वाढलेला जीवाणूंचा ठिपका) आली नाही, एकीतून 107 आल्या, दुसरीतून 64 आणि तिसरीतून 35. उरलेल्यांतून एक ते सहा. इतकी विषम वाटणी संपर्कातून होणाऱ्या बदलाने कधीच होत नाही.

हा पुरावा आकडेमोडीवर उभा होता, म्हणून अनेकांना तो पटायला जड गेला. ती अडचण 1952 मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मखमलीच्या तुकड्याने दूर केली. वसाहतींनी भरलेल्या बशीवर मखमल दाबायची, लवेत अडकलेले जीवाणू त्याच मांडणीत स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक असलेल्या बशीवर उमटवायचे, आणि तिथे कोणत्या जागी वाढ होते ते पाहायचे. मग मूळ, औषधाचा स्पर्शही न झालेल्या बशीवरच्या त्याच जागेतून जीवाणू घेऊन हा क्रम पुन्हा पुन्हा केला की शेवटी निव्वळ प्रतिरोधक जीवाणू हाती येतात, आणि त्यांच्या पूर्वजांच्या संपूर्ण साखळीत एकानेही औषध पाहिलेले नसते. सूक्ष्मजीवशास्त्रात याहून स्वच्छ प्रयोग मला माहीत नाही.

त्या चित्रफितीतली बशीही हेच सांगते. साठ सेंटिमीटर रुंद आणि एकशेवीस सेंटिमीटर लांब अशी ही बशी रॉय किशोनी आणि मायकेल बेम यांच्या गटाने बनवली होती. जीवाणूंची आघाडी औषधाच्या सीमेवर पोचल्यावर थांबते, कारण तिथल्या जवळजवळ सगळ्या पेशी पुढे वाढू शकत नाहीत. अनुकूल उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, ज्या मोजक्या पेशींत योगायोगाने झालेले असते त्यांची संतती पुढे जाते, बाकीचे कोट्यवधी मागेच राहतात. शिकण्याची क्षमता असती तर आघाडी रांगेने सरकली असती; ती तुरळक ठिकाणांहून पंख्यासारखी फुटते. याच प्रयोगात असेही आढळले की कित्येकदा अधिक प्रतिरोधक पेशी आघाडीच्या मागे अडकून राहिल्या आणि त्यांच्याहून कमकुवत, पण आधी पुढे पोचलेल्या वंशाने जागा व्यापली. हेतुपुरस्सर बदल करणाऱ्या जीवाच्या वागणुकीत अशी उधळण दिसली नसती.

दाव्याच्या बाजूने जे प्रामाणिकपणे म्हणता येते तेही सांगायला हवे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधाने डीएनए तुटू लागला की जीवाणूची आणीबाणीची दुरुस्ती यंत्रणा जागी होते, तिच्यातली काही विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) चुका करत डीएनएची नक्कल काढतात आणि उत्परिवर्तनांचा वेग वाढतो. पण वाढतो तो वेग, दिशा नव्हे. उपयोगी बदलांसोबत निरुपयोगी आणि घातक बदलही तितकेच वाढतात. तसेच काही एंटरोकॉकस जीवाणूंमध्ये व्हॅन्कोमायसिन समोर आल्यावरच प्रतिरोधाची जनुके चालू होतात, परंतु ती जनुके तिथे आधीच असतात. औषधाने ती घडवलेली नसतात. खरी स्मृती जीवाणूंकडे एका ठिकाणी आहे. क्रिस्पर यंत्रणा हल्ला करणाऱ्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा कापून आपल्या गुणसूत्रात जपते आणि पुढच्या पिढ्यांना देते, हे 2007 मध्ये दही-चीजच्या एका जीवाणूवर प्रयोगाने सिद्ध झाले. ती यंत्रणा परका डीएनए ओळखते. प्रतिजैविकाचा रेणू तिच्या कक्षेतच येत नाही.

प्रतिरोध औषधांनंतर जन्मला, हे दुसरे विधान लवकर निकालात निघते. पेनिसिलिन सर्वत्र वापरात येण्यापूर्वीच, 1940 मध्ये, एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी ते तोडणारे जीवाणूंचे विकर नोंदवले होते. 2011 मध्ये कॅनडातील युकॉन भागातल्या तीस हजार वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतल्या डीएनएमध्ये टेट्रासायक्लिन, पेनिसिलिनवर्गीय औषधे आणि व्हॅन्कोमायसिन यांना निष्प्रभ करणारी जनुके सापडली. बहुतेक प्रतिजैविके मुळात मातीतल्या बुरशी आणि जीवाणूंचीच निर्मिती असल्याने यात नवल नाही. माणसाने केले ते हे की, दुर्मीळ असलेल्या या जनुकांना वाढायला अमाप वाव दिला. ती जबाबदारी लहान नाही.

प्रतिरोध केवळ वंशपरंपरेने जातो, हा समज माझ्या मते व्यवहारात सर्वांत घातक आहे. 1950 च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे असे शिगेला जीवाणू आढळू लागले की त्यांच्यावर सल्फा औषधे, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांपैकी एकही चालत नव्हते. एका औषधाला तोंड देणारे उत्परिवर्तन दहा कोटी पेशींत एकदा घडते असे धरले, तर चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच पेशीत एकत्र येण्याची शक्यता एकावर बत्तीस शून्ये इतक्या पेशींत एक अशी होते. म्हणजे हे स्पष्टीकरण तिथेच बाद ठरते. जपानी संशोधकांनी असे शिगेला साध्या ई. कोलायसोबत नुसते मिसळले, तेव्हा चारही प्रतिरोध एकगठ्ठा ई. कोलायमध्ये उतरले. ही जनुके मुख्य गुणसूत्रावर नव्हती, तर प्लाझ्मिड नावाच्या, स्वतंत्रपणे नक्कल होणाऱ्या डीएनएच्या कड्यावर होती, आणि दोन पेशी जवळ आल्या की हे कडे एकीतून दुसरीत जाते, मग त्या पेशी वेगळ्या प्रजातींच्या असल्या तरी. त्यामुळे आतड्यातल्या निरुपद्रवी जीवाणूंवर औषधाचा मारा झाला की त्यांच्यात साठलेली जनुके उद्याच्या रोगजंतूला उपलब्ध राहतात. रोगजंतू मेला म्हणजे विषय संपला, असे म्हणता येत नाही ते याचमुळे.

औषधातून वाचलेला प्रत्येक जंतू प्रतिरोधक नसतो, हे जोसेफ बिगर यांनी 1944 मध्येच दाखवले होते. पेनिसिलिनच्या माऱ्यातून उरलेले थोडे स्टॅफिलोकॉकस त्यांनी पुन्हा वाढवले, तेव्हा त्यांची संतती त्याच औषधाला पूर्वीइतकीच बळी पडली. पेनिसिलिन पेशीभित्ती बांधणाऱ्या, वाढत्या पेशीला मारते. ज्या पेशींची वाढ त्या वेळी थंडावलेली असते त्या तगतात. 2004 मध्ये नताली बालाबान आणि सहकाऱ्यांनी एकेका पेशीवर सूक्ष्मदर्शकाखाली नजर ठेवली, तेव्हा अशा मंद पेशी औषध येण्यापूर्वीच गर्दीत हजर असल्याचे दिसले. चिवट, परत परत उलटणाऱ्या संसर्गांत या पेशींचा वाटा असतो, आणि तिथे औषधाची मात्रा वाढवून फारसा उपयोग होत नाही.

औषध थांबवले की जंतू विसरतात, याला एक उदाहरण अनुकूल आहे. फिनलंडमध्ये एरिथ्रोमायसिनवर्गीय औषधांचा वापर कमी केल्यावर अ-गटातील स्ट्रेप्टोकॉकसमधला प्रतिरोध 1992 मधील 16.5 टक्क्यांवरून 1996 मध्ये 8.6 टक्क्यांवर आला. उलट ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात सल्फा औषधाचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, तरी ई. कोलायमधला त्याचा प्रतिरोध तसूभरही उतरला नाही. प्रतिरोधाचे ओझे जीवाणूच्या वाढीला महाग पडत असेल तर तो मागे हटतो. पण दुसरी उत्परिवर्तने हे ओझे हलके करू शकतात, काही प्लाझ्मिडे आपल्याला टाकून देणाऱ्या पेशीलाच विष देऊन मारतात, आणि सल्फाचे जनुक बहुधा इतर, अजून चालू असलेल्या औषधांच्या जनुकांशेजारी त्याच प्लाझ्मिडवर बसलेले असते, त्यामुळे त्यांतले एक औषध दिले तरी सल्फाचा प्रतिरोधही टिकून राहतो.