जखमी जवानाच्या पायाचा हिशेब दहा वर्षांनी तरी कोणी मांडावा

स्फोटात जवानाच्या नडगीचा चुरा झाला, तर पाय वाचवावा की कापावा, याचा निर्णय सर्जनला फार थोड्या वेळात घ्यावा लागतो. तो निर्णय बरोबर ठरला की नाही, हे मात्र तो जवान पेन्शनीत निघून पारोळा, साक्री किंवा यावलच्या गावी शेती करू लागतो तेव्हाच समजते, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर त्याची विचारपूस थांबते. जखमी सैनिकांच्या हाडांवरील संशोधनासाठी आपल्या देशात स्वतंत्र आणि दीर्घ मुदतीचा निधी असावा, असे मला मनापासून वाटते ते यामुळेच.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाय वाचवलेल्या आणि पाय कापलेल्या नागरी रुग्णांच्या स्थितीत दोन वर्षांनंतर फारसा फरक आढळला नाही. पुढे २०१३ मध्ये इराक आणि अफगाणिस्तानात जखमी झालेल्या ३२४ सैनिकांचा अभ्यास आला, तेव्हा कृत्रिम पाय लावलेल्यांची हालचाल पाय वाचवलेल्यांपेक्षा चांगली असल्याचे दिसले. तेथील सैनिकांना उत्तम कृत्रिम अवयव आणि दीर्घकाळ व्यायामोपचार मिळतात, हे येथे विसरता येणार नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत, केळीच्या बागेत पाणी भरताना तोच पाय कसा चालेल, याचे उत्तर त्या अभ्यासात नाही. ते आपल्यालाच शोधावे लागेल.

अमेरिकेच्या संसदेने २००९ मध्ये संरक्षण खात्यामार्फत केवळ अस्थिसंशोधनासाठी वेगळा निधी सुरू केला. संरक्षण खात्याच्याच पैशातून झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, गुडघ्याजवळच्या आणि घोट्याजवळच्या गंभीर फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेत जखमेत व्हँकोमायसिनची पूड टाकल्यावर ‘ग्राम-पॉझिटिव्ह’ नावाच्या गटातील जिवाणूंचा खोल संसर्ग सुमारे निम्म्यावर आला. हे काही महागडे यंत्र नव्हे, जुने प्रतिजैविक आहे. धुळ्याजवळ महामार्गावर मोटारसायकलवरून पडलेल्या मुलालाही अशा ज्ञानाचा उपयोग होतो, म्हणून हा खर्च फक्त सैन्यापुरता आहे, हा आक्षेप मला पटत नाही.

पुण्यात १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. अनुभवाची उणीव नाही. धुळे आणि जळगावची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये त्यांना जोडावीत, माजी सैनिकाची तपासणी त्याच्या जिल्ह्यातच व्हावी, आणि किमान दहा वर्षे त्याचा गुडघा, त्याची चाल व त्याचा रोजगार यांची नोंद राहावी. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबारच्या खासदारांनी संरक्षण खात्याच्या अनुदान मागण्यांवरील चर्चेत ही मागणी मांडावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.