तिकीट आडनावाला मिळतं

मी विचाराने उजवी, घरात दोन पिढ्या तेच चालत आलंय, त्यामुळे हे टोमणे मारायला लिहीत नाहीये, आतून वाटतंय म्हणून लिहितेय.

२०२४ च्या विधानसभेत महाराष्ट्रात २१ महिला निवडून आल्या, त्यातल्या १४ भाजपच्या. खरंच आनंद झाला. (२८८ मध्ये २१ हे मात्र कुठल्याच पक्षाला शोभत नाही.) पण तिकिटं कशी फिरतात ते बघा ना. चिंचवडला भाजपचे आमदार लक्ष्मण जगताप वारल्यावर २०२३ ची पोटनिवडणूक त्यांच्या पत्नी अश्विनीताई लढल्या, जिंकल्या, आणि पुढच्याच वर्षी तिकीट दिराला. श्रीगोंद्यात पहिल्या यादीत प्रतिभाताई पाचपुतेंचं नाव होतं, शेवटी लढला आणि निवडून आला त्यांचा मुलगा. घरात बसून ठरलं असेल, मान्य, पण मग ती जागा पक्षाची की घराची? आणि कोथरूडला मेधाताई कुलकर्णी स्वतःच्या कामावर आमदार झालेल्या, तर २०१९ ला चंद्रकांतदादा पाटलांसाठी त्यांनाच थांबवलं, राज्यसभा मिळाली ती थेट २०२४ ला. मला हे तेव्हाही लागलं होतं, आजही लागतं.

आमच्या भागात एक काकू आहेत, पक्ष नाही सांगत, उगाच त्यांना त्रास. वीस वर्षं बूथ सांभाळतायत. मतदार यादीच्या कडेला पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हे वारले, इथे सून आली नाव घालायचंय, हे हिंजवडीला गेले पण मतदानाला येतात. चार मजले चढून स्लिपा वाटतात, गुडघा धरून उतरतात. आमचा प्रभाग आरक्षणाच्या सोडतीत महिलांसाठी राखीव झाला तेव्हा आम्हाला वाटलं आता तरी काकूच, तर फॉर्म भरला एका माजी नगरसेवकाच्या बायकोने, जिला आम्ही बूथवर एकदाही पाहिलं नव्हतं.

२०२३ ला नारीशक्ती वंदन कायदा झाला, लोकसभा-विधानसभेत महिलांना ३३ टक्के जागा, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. अहो पण स्वतःच्या यादीत एक तृतीयांश बायका घ्यायला पक्षाला कायदा कशाला लागतो, उद्या ठरवलं तर उद्या होईल!

त्या निवडणुकीतही स्लिपा काकूंनीच वाटल्या. मी विचारलं, राग नाही आला? म्हणाल्या, "आला गं, पण यादी माझ्याकडेच होती ना."