आधी विधी की आधी सही?

पुण्याला घरी फोन लावला की सध्या एकच वाद कानावर पडतो. माझ्या मावसबहिणीचे लग्न ठरले आहे आणि मुलगा इकडे इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. मावशीला सहाशे पाने उठतील असे कार्यालय हवे आहे, मुलीला दोनशेच्या वर एकही माणूस नको आहे. साध्या लग्नाचा वाद पुण्याला नवा नाही. भटजीशिवाय लग्न लावण्याची सत्यशोधक रीत याच शहरात १८७३ मध्ये सुरू झाली. माझा कौल बहिणीच्या बाजूने आहे. मात्र अकरा वर्षे परदेशात काढल्यावर वाटते, की पानांच्या हिशेबात घरच्यांचे कागदांकडे पुरते दुर्लक्ष झाले आहे.

इंग्लंडमध्ये सरकारी पद्धतीने लग्न करायचे तर वधूवरांना स्वतः रजिस्टर ऑफिसात जाऊन नोटीस द्यावी लागते, त्यानंतर किमान २८ दिवस थांबावे लागते, आणि मग दोन साक्षीदारांसमोर ठरलेली वाक्ये उच्चारून सही केली की लग्न झाले. भाड्याच्या हॉलमध्ये अंतरपाट धरून मंगलाष्टका म्हटल्या तरी तेवढ्याने इथला कायदा ते लग्न मानत नाही. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याखाली नेमके उलट आहे: दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाल्याशिवाय नुसते नोंदणीचे प्रमाणपत्र म्हणजे लग्न नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. व्हिसाचा वेळ वाचावा म्हणून आधी नोंदणी उरकून घेण्याच्या प्रथेचाही त्या निकालात उल्लेख आहे.

माझ्या मावशीकडे हाच बेत शिजत होता. ‘आत्ता सही करून ठेवू, व्हिसाला लावू, लग्न वर्षाने थाटात करू,’ असे काका अगदी सहज म्हणाले. विधीच झाले नसताना झाल्याचे लिहून देणे म्हणजे मुलीच्या व्हिसाचा पायाच खोट्या कागदावर घालणे, हे त्यांना पटवायला मला दोन रविवार लागले. सही आधी हवीच असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा सरळ मार्ग आहे. त्यासाठी दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात आधीचे ३० दिवस वास्तव्य लागते, आणि बहीण पुण्यातच राहत असल्याने ती अट तिच्यावर भागते. नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते आणि ती नोटीस ३ महिने चालते. तेव्हा मुलाने रजा टाकण्यापूर्वी कॅलेंडर समोर घेऊन बसावे. तिथे साक्षीदार तीन लागतात.

विधी करून मग नोंदणी करणार असाल तर पत्रिका छापतानाच शहाणपण दाखवा. नोंदणीच्या वेळी पत्रिका मागतात, आणि तिच्यावर ‘चि. सौ. कां.’ पुढे घरचे लाडके नाव असले, तर पासपोर्टावरची मुलगी हीच, हे सिद्ध करण्यात हेलपाटे होतात. माझ्या स्वतःच्या लग्नात हेच झाले आणि नवऱ्याच्या रजेतले चार दिवस त्यात गेले. नाव बदलायचे असेल तर तेही व्हिसा हाती आल्यावर बदला.

पाहुण्यांबद्दल एवढेच, की आधी यादी करा आणि मग कार्यालय ठरवा. इकडची लग्ने छोटी असतात हे खरे, पण जवळच्या माणसांनाही जेवणाला न बोलावता फक्त संध्याकाळच्या नाचगाण्याला बोलावण्याची इथली पद्धत मला आजही कोरडी वाटते. मावशीची सहाशे पाने चारशेवर आली तरी मी समाधानी आहे. नोंदणीच्या अर्जावर गुरुजींची सही मात्र अक्षता पडल्याबरोबर घ्या; मुहूर्ताच्या दिवशी त्यांना दुसरे कार्यालय गाठायचे असते.