प्रायश्चित्तकाळात कीबोर्ड जरा थांबू द्या

प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, आला की चर्चच्या गायनवृंदांकडे माझी एकच मागणी असते. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, गाण्याला आधार लागेल तेवढाच कीबोर्ड वाजवा, बाकी वेळ हात उचलून ठेवा. "मग मिस्सा कोरडी वाटते," असं उत्तर मिळतं. अहो, ती कोरडी वाटायलाच हवी! चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिलेल्या येशूबरोबर आपण चाललो आहोत.

उपासनेत संगीत सुरांनी बोलतं, तितकंच गप्प राहूनही बोलतं. राखेच्या बुधवारी हा काळ सुरू होतो आणि तेव्हापासून आलेलुया, म्हणजे देवाच्या स्तुतीचा घोष, बंद होतो. रविवारचं गौरवगीतही थांबतं. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी ते परत येतं, घंटा खणखणतात आणि मग थेट पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत मुक्या होतात. मधल्या दिवसांत घंटेच्या जागी लाकडी खटखटा वाजवायची जुनी रीत आहे. लहानपणी तो आवाज ज्याच्या कानात बसला, त्याला गुड फ्रायडे म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग ती रात्र. काळोखात पास्काची, म्हणजे पुनरुत्थित येशूचं प्रतीक असलेली, मेणबत्ती आत येते, पुनरुत्थानाची घोषणा एकच आवाज गातो, साथीला काहीही नाही. पुढे शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूचरित्राच्या) वाचनाआधी फादर आलेलुया तीनदा गातात, दर वेळी सूर एक पायरी वर चढवून, आणि सगळं चर्च तो तसाच उचलून परत गातं. आनंद कसा चढत जातो हे त्या तीन पायऱ्यांत ऐकू येतं. पण आधीचे सहा आठवडे वाद्यं एक क्षणही थांबली नसतील, तर ही चढण कानाला कळणार कशी?

हा माझा हट्ट नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर, ५ मार्च १९६७ रोजी, रोमहून पवित्र संगीताविषयी सूचना निघाल्या. धर्मगुरू आपल्या अधिकाराने जी प्रार्थना मोठ्याने म्हणतात, तेव्हा वाद्यं शांत असावीत, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. प्रायश्चित्तकाळात नुसतं वाद्यवादनही नको, असंही आहे. तरी आज कित्येक ठिकाणी धर्मगुरू मिस्सेत म्हणतात त्या येशूच्या "हे माझे शरीर आहे" या शब्दांखाली हलकेच सूर धरलेला असतो. सिनेमात नायिका रडायच्या आधीच व्हायोलिन सुरू होतं, तसं! मला याचं फार वाईट वाटतं. येशूच्या शब्दांना पार्श्वसंगीत लागत नाही.

वाद्यांवर माझा राग नाही. पेटी, तबला, गिटार, सगळं आपलंच आहे. नाताळला दणक्यात वाजवा. पण आपल्या मराठीत एकट्या गळ्याची ताकद फार जुनी आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण ओवीत रचलं, १६१६ साली ते छापून निघालं. ओवी जात्यावर बसलेल्या बाईच्या गळ्यावर पेलते, तिला ना माईक लागतो ना स्पीकर. तोच गळा आज चर्चमध्ये बाकावर गप्प बसून आहे, कारण पुढच्या स्पीकरपुढे त्याचं काही चालत नाही.

येत्या प्रायश्चित्तकाळात एवढं करून पाहा. मिस्सेआधी दहा मिनिटं एकाने पुढे उभं राहून त्या दिवसाच्या स्तोत्राचं पालुपद लोकांना शिकवावं, बिनमाईकचं. गायनवृंदाने लोकांच्या मधोमध बसावं. आणि फादर, उपदेश संपल्यावर दोन मिनिटं काहीच वाजू देऊ नका.