वाऱ्याने पडेल असा पुतळा कसा उभारावा

भव्य पुतळा उभारायचाय? उत्तम. सगळ्यात आधी उद्घाटनाची तारीख धरा. डिझाईन, वाऱ्याचा हिशोब वगैरे मागून येईल, नाही आलं तरी मंडप आणि हेलिपॅड वेळेत झालं की बास. मालवणात राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा नौदल दिनाचा मुहूर्त साधून 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, म्हणजे धड एक पावसाळासुद्धा निघाला नाही.

आता आतला सांगाडा. तो कुणाला दिसतोय? बाहेरून चकाचक पाहिजे, आत खाऱ्या हवेत नटबोल्ट गंजले तर गंजले. कुणी गंजाबद्दल पत्र पाठवलं तर पाठवू द्या, पत्राला फाईल असते ना. उगाच त्या आयफेल टॉवरवाल्या आयफेलच्या नादी लागू नका. त्याने न्यूयॉर्कच्या 1886 च्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीला आत लोखंडी सांगाडा दिला आणि बाहेरचा तांब्याचा पत्रा त्याला घट्ट न आवळता लवचिक पट्ट्यांवर धरला, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात बाई दोनतीन इंच डुलतात पण पडत नाहीत, आणि न पडलेल्या पुतळ्याची ब्रेकिंग न्यूज होते का कधी? सरदार पटेलांच्या 182 मीटर पुतळ्यात तर डोलणं आवरायला 250-250 टनांची दोन वजनं बसवलीत, केवढा तो खर्च! कन्याकुमारीचा तमिळ कवी तिरुवल्लुवरांचा पुतळा त्याहून हट्टी, 133 फूट, सगळा दगड, 2004 च्या सुनामीच्या लाटा अंगावर घेतल्या आणि जागचा हलला नाही.

पुतळा पडला की मात्र वेळ घालवू नका, लगेच वाऱ्याचं नाव घ्या. मालवणला ताशी 45 किलोमीटर वारा होता असं सांगितलं गेलं. कोकणात एवढ्या वाऱ्यात माणसं पत्रेसुद्धा बांधायला उठत नाहीत, पण टीव्हीवर बोलताना आकडा भारी वाटतो. फक्त कॅमेरा समुद्राकडे वळू देऊ नका, तिकडे सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशे वर्षं तोच वारा आणि त्याच लाटा खात उभा आहे, तेही कुणाचं टेंडर न निघता.

मग चौकशी समिती, आणि त्याच दमात आधीपेक्षा उंच पुतळ्याची घोषणा. मालवणला आता 60 फुटी उभा राहिलाय. तेवढं काम मात्र सरदारांचा पुतळा घडवणाऱ्या राम सुतारांच्या हातात दिलं, ज्याला येतं त्यालाच. तुम्ही असलं काही करू नका हं, फुकट शंभर वर्षं टिकून बसेल.