हिरवी वायर काळीला जोडा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

रविवारी सकाळी मामांचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "आरं, बाथरूमचा एक्झॉस्ट मी स्वतः बदलला बघ, मेसेज वाचून! पाचशे रुपये वाचवले." मामा रिटायर्ड, सांगलीत गावभागात जुनं घर, हौस दांडगी. मी सहज विचारलं, मामा पंखा पत्र्याच्या बॉडीचा आहे ना, मग पत्र्यात आलेला करंट जमिनीत नेणारा अर्थ कुठून घेतला? तर म्हणतात, "बोर्डात अर्थ नव्हताच, म्हणून हिरवी काळीला जोडली, तसंच लिहिलंय त्यात." चहा तसाच ठेवला आणि कुपवाडहून गाडी काढली.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असणार, आमच्या तर तीन ग्रुपवर आलाय. थोडक्यात असा: इलेक्ट्रिशियनला पैसे देऊ नका, एक्झॉस्ट फॅन घरीच बदला. मेन बंद करायची गरज नाही, पंख्याचं बटण बंद केलं की पुरे. रबरी चप्पल घाला. वायरी पिळून टेप मारा. अर्थिंग नसेल तर हिरवी, म्हणजे अर्थची, वायर न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या काळ्या वायरला जोडा, कारण "न्यूट्रल आणि अर्थ शेवटी एकच". मग पंखा चालू करून बॉडीला टेस्टर लावा, पेटला नाही की काम फत्ते. उलटा फिरला तर दोन वायरींची अदलाबदल करा. आणि जवळ पॉइंट नसेल तर गिझरवरून घ्या.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल की हा स्वतः वायरमन आहे म्हणून धंद्यासाठी बोलतोय. पंखा घरी बदलायला कायद्यानं बंदी नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की वायरिंगचं काम, वाढवणं, बदल, दुरुस्ती हे लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करायचं, पण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच नुसते बदलायचे असतील आणि त्यानं जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर त्याला सूट. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आले त्यातही ही सूट तशीच राहिली, आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या नियमांतही आहे. म्हणजे जुना काढून तिथंच नवा लावला तर ठीक. गिझरवरून नवीन पॉइंट ओढला की तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर गेलात. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक माहीत असता तर बरं झालं असतं.

आता बटणाचं. त्याच १९५६ च्या नियमांत ३२ वा नियम होता: एकट्या न्यूट्रलमध्ये स्विच किंवा फ्यूज टाकायचा नाही, टाकायचाच तर फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतील असा जोड-स्विच पाहिजे. साधं एकेरी बटण फेजवरच. घरोघरी हे पाळलेलं असतं तर "बटण बंद म्हणजे बंद" हे निम्मं तरी खरं ठरलं असतं. पण मामांच्या घरी २०१९ च्या पुरात तळमजल्याचे सगळे बोर्ड पाण्याखाली होते, नंतर जो मिळेल त्या माणसाकडून घाईत वायरिंग करून घेतलं, त्या दिवसांत सांगलीत वायरमन मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं. त्या बाबानं सगळ्या घरात एकाच लाल बंडलची वायर ओढली. फेजही लाल, न्यूट्रलही लाल. आणि बाथरूमचं बटण बसवलं न्यूट्रलवर.

मी गेल्यावर आधी बोर्ड उघडला, मग बटण बंद ठेवून टेस्टर पंख्याच्या पत्र्याला लावला. पेटला. मामा म्हणाले, "टेस्टर खराब हाय तुझा, मी चालू करून बघितलंय, पेटत नाही." मी बटण चालू केलं, पंखा सुरू झाला, टेस्टर विझला. बंद केलं, परत पेटला. मग टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डरला दोन लांब वायरी आणि त्यात झिरोचा बल्ब, एक टोक मीटरजवळच्या अर्थिंगच्या पाइपला आणि एक पंख्याच्या बोल्टला. बल्ब लागला, थोडा मंद, पण लागला. मामी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "बंद पंख्याला करंट?"

हो मामी, बंद पंख्यालाच. पंख्याला फेज सरळ येतोय, बटण पलीकडे न्यूट्रलवर आहे. बटण बंद केलं की फेज वायंडिंगमधून, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीतून, फिरून काळ्या वायरपर्यंत येतो आणि तिथं अडतो, पुढं जायला रस्ता नाही. आणि त्या काळ्या वायरलाच मामांनी हिरवी जोडलीय, हिरवी गेलीय बॉडीला. म्हणजे पंखा बंद केला की पत्रा जिवंत. चालू केला की न्यूट्रल मिळतो, पत्रा शांत. आणि मेसेजमधला बहाद्दर सांगतो चालू करून टेस्टर लावा! जी चूक पकडायची तिला पास करणारी परीक्षा.

बरं पंखा पुसतं कोण आणि कधी? मामी, गणपतीच्या आधी आणि दिवाळीला, ओल्या फडक्यानं, आणि शहाण्या माणसासारखं आधी पंखा बंद करून.

वायंडिंग मध्ये असल्यानं करंट कमी होतो हे मला कुणी सांगू नका. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरा, २३० व्होल्ट, मध्ये छोट्या पंख्याचं वायंडिंग, तरी ढोबळमानानं शंभर मिलीअँपिअर जातो. घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरला पडायला बनवतात, त्यावरून काय ते समजा. एमसीबी, म्हणजे जादा लोडला पडणारी? ती ६ अँपिअरची, म्हणजे ६००० मिलीअँपिअर. माणूस चिकटला तरी तिला पत्ता लागत नाही. मामांकडे आरसीसीबी नाही, आणि जिथं अर्थ नाही म्हणून असले मेसेज वाचले जातात तिथं आरसीसीबी असण्याची शक्यता किती ते तुम्हीच बघा.

"न्यूट्रल आणि अर्थ एकच" यात एवढंच खरं आहे की डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो. पण डीपीपासून तुमच्या बाथरूमपर्यंत तो पोलवरून, मीटरमधून, कटआउटमधून, बोर्डातून येतो, आणि वाटेत एक स्क्रू ढिला झाला की त्याच्या पलीकडं जे काही जोडलंय ते सगळं फेजच्या ताब्यात. मामांच्या घरी तर स्क्रूही ढिला व्हायला नको, बटणच ते काम रोज करत होतं. बटण बरोबर फेजवर असतं तरी हिरवी-काळी जोडणी मी ठेवली नसती. खरा अर्थ आपली स्वतंत्र वायर घेऊन जमिनीत जातो, मध्ये कुठं बटण नाही, फ्यूज नाही.

बाकीचे मुद्दे पटकन. रबरी चप्पल: मामा वाचले ते लाकडी स्टूल आणि कोरड्या बाथरूममुळं, चप्पल त्यात थोडी आली असेल, पण दुसरा हात ओल्या भिंतीला किंवा नळाला लागला तर चप्पल काय करणार. पिळून टेप: बाथरूमच्या वाफेत टेपचा गोंद सुटतो, जोड कनेक्टरमध्ये आणि कनेक्टर डबीत. गिझरची लाइन: दोन किलोवॉटच्या गिझरला १६ नाहीतर २० अँपिअरची एमसीबी, तिच्या भरवशावर पंख्याची बारीक वायर सोडायची नाही, पंखा जाम होऊन वायर तापली तरी ती एमसीबी पडायची नाही.

आणि उलट्या फिरण्याचं वाचून मी खरंच हसलो. अहो, घरातली वीज ५० हर्ट्झची, ती स्वतःच सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटते, तरी पंखा एकाच बाजूला फिरतो ना? मग तुम्ही वायरी बदलून काय होणार? दिशा मोटरच्या आतल्या रचनेवर ठरते. हवा आत येत असेल तर बहुतेक पंखाच उलटा बसवलाय, नाहीतर पातं.

मामांकडे मी काय केलं ते सांगतो. मेन बंद. टेस्टर आधी चालू पॉइंटवर पेटतो का बघितला, मग मेन बंद करून बाथरूमच्या वायरींवर, मग परत चालू लाइनवर, कारण टेस्टरच मेला असेल तर तोही पेटत नाही. बटण फेजवर घेतलं, न्यूट्रलला काळी टेप गुंडाळून खूण केली, हिरवी सोडवली. मीटरपासून बाथरूमपर्यंत अर्थची वायर पुढच्या आठवड्यात ओढणार, आरसीसीबीही तेव्हाच. तोवर पत्र्याचा पंखा खाली, त्या जागी प्लास्टिक बॉडीचा, ज्याच्या लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे. ती खूण म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, त्याला दोनच वायरी येतात आणि अर्थ लागत नाही. हेही त्या मेसेजच्या बाजूचं धरा हवं तर, फक्त त्यानं ते लिहिलेलं नाही.

मामा थोडे रुसलेत. त्यांनी पाचशेचा हिशेब काढला, मी म्हणलं मामी जेवायला वाढतील तेवढ्यात फिटलं.

तासगावच्या दादांनीही याच मेसेजवरून पंखा बसवलाय असं कळलं. दादा, बटणाला हात लावू नका, पंख्याला तर नकोच, मेन बंद करा, हिरवी वायर कुठं गेलीय त्याचा फोटो मला पाठवा आणि मी येईपर्यंत ते बाथरूम वापरू नका.